गवत बघायला जायचं

शिकागोच्या पश्चिमेकडच्या नेपरव्हिल, ऑरोरा, शॉमबर्ग या उपनगरांत मराठी कुटुंबांची वस्ती चांगली आहे आणि त्यांच्या सहलींचे रस्ते बरेचसे ठरलेले आहेत. मुलं लहान असतील तर विस्कॉन्सिन डेल्स, भारतातून आई-वडील आले असतील तर नायगारा, मोठी सुट्टी जुळून आली तर यलोस्टोन. या जागा बघण्यासारख्या आहेतच. पण नेपरव्हिलहून गाडीनं तासाभराच्या आत, विल्मिंग्टन गावाजवळ, मिडेविन नावाचं जे गवताळ रान आहे, तिकडे वळणारे फार थोडे. कारण विचारलं तर उत्तर सरळ असतं: तिथे बघायला काय आहे, नुसतं गवत. मला या उत्तराशीच वाद घालायचा आहे. गवताळ मैदान म्हणजे काही न उगवल्यामुळे उरलेली जागा, ही समजूत चुकीची आहे. ते जंगलाइतकंच जुनं, भरलेलं आणि स्वतःचे नियम असलेलं रान असतं. त्याला रिकामं समजून पुढे जाण्याची सवय इलिनॉयमध्ये या रानाच्या मुळावर आली, आणि महाराष्ट्रातही येते आहे. ही सवय मोडायची तर पोरं-म्हातारी बरोबर घेऊन एखादा दिवस त्या गवतात चालावं लागतं, असं माझं ठाम मत आहे.

मिडेविनला जाणारा रस्ता हाच या म्हणण्याचा पहिला पुरावा आहे. जुन्या रूट ६६ नं दक्षिणेला निघालं की एकीकडे प्रचंड गोदामं आणि कंटेनरचे ट्रक, दुसरीकडे मका आणि सोयाबीन. इलिनॉय स्वतःला 'प्रेरी स्टेट', म्हणजे गवताळ रानांचं राज्य, म्हणवतं, पण या सगळ्या प्रवासात प्रेरी कुठेच दिसत नाही. १८२० च्या सुमारास या राज्यात अंदाजे २ कोटी २० लाख एकर प्रेरी होती, म्हणजे राज्याच्या निम्म्याहून बरीच जास्त जमीन. त्यातली मूळ स्वरूपातली, नांगर न लागलेली आणि चांगल्या अवस्थेतली आज जेमतेम अडीच हजार एकर उरली आहे. हजारातला एक भागही नाही. दहा हजारांतला एक. एखाद्या प्रदेशाची ओळख असलेली गोष्ट इतकी पुरती पुसली गेल्याची उदाहरणं जगात कमी असतील. आणि त्याला फार काळही लागला नाही. १८३३ च्या शिकागो तहानंतर इथल्या मूळ रहिवासी पोटावाटोमी लोकांना मिसिसिपीच्या पलीकडे घालवलं गेलं. १८३७ मध्ये जॉन डीअर या लोहारानं ग्रँड डिटूर या खेड्यात पोलादी फाळाचा नांगर घडवला. त्याआधीच्या बिडाच्या नांगराला इथली चिकट काळी माती धरून बसायची, दर थोड्या अंतरावर थांबून ती खरवडावी लागायची. घासून गुळगुळीत केलेल्या पोलादावरून ती आपोआप सुटायला लागली. पुढच्या दोन पिढ्यांत प्रेरी उलथून झाली.

उरलेले तुकडे कुठे सापडले, हेही लक्षात घेण्यासारखं आहे. रॉबर्ट बेट्झ हे शिकागोतल्या विद्यापीठात शिकवणारे जीवरसायनशास्त्रज्ञ. जुन्या वसाहतकऱ्यांच्या दफनभूमींमध्ये मूळ प्रेरी तगून आहे, हे त्यांनी गावोगाव फिरून शोधून काढलं. पूर्वज पुरलेल्या जमिनीवर कोणी नांगर घातला नव्हता. इलिनॉयच्या मक्लीन काउंटीतली वेस्टन दफनभूमी अशीच पाच एकरांची, चहूबाजूंनी मक्यानं वेढलेली. आपल्याकडे देवाच्या धाकानं देवराई राहिली, तसं तिथे पितरांच्या आदरानं गवत राहिलं. रेल्वेच्या रुळांलगतच्या पट्ट्या राहिल्या, कारण त्या कोणाच्याच शेताच्या नव्हत्या. खडकाळ टेकाडं राहिली, कारण तिथे फाळ चालत नव्हता. थोडक्यात, प्रेरी कोणी मुद्दाम राखली नाही. जिथे नांगर पोचला नाही तिथे ती चुकून राहिली.

मिडेविनची गोष्ट मात्र वेगळी आहे. दुसऱ्या महायुद्धात लष्करानं इथे दारूगोळ्याचे कारखाने उभारले. टीएनटी इथे बनायचं, तोफगोळे इथे भरले जायचे. ५ जून १९४२ रोजी झालेल्या स्फोटात ४८ कामगार मेले. कारखाने बंद पडल्यावर १९९६ च्या कायद्यानं अठरा हजार एकरांहून जास्त जमीन वनखात्याकडे आली आणि उंच गवताची देशातली पहिली राष्ट्रीय प्रेरी जाहीर झाली. स्फोटकं साठवण्याची काँक्रीटची कोठारं, वरून माती चढवलेली, अजून ओळीनं उभी आहेत आणि त्यांच्या पाठीवर गवत वाढतं आहे. मुलांना हे दाखवावं. रान म्हणजे माणूस कधी गेलाच नाही अशी जागा, ही कल्पना त्यांच्या डोक्यातून इथे सहज निघून जाते.

आता गवताकडे. ऑगस्टच्या मध्यानंतर गेलं तर 'बिग ब्लूस्टेम' हे प्रेरीचं मुख्य गवत डोक्याच्या वर गेलेलं असतं. त्याचा तुरा तीन बोटांत फाकलेला, पक्ष्याच्या पंजासारखा. ताटाला निळसर-जांभळी झाक, सप्टेंबर सरता सरता तांबूस. ज्या आजोबांनी आयुष्यभर ज्वारी आणि कडबा पाहिला आहे त्यांना हे ताट परकं वाटणार नाही, आणि त्यांचा अंदाज शास्त्राला धरून असेल. बिग ब्लूस्टेम, त्याच्या सोबतीनं वाढणारं सोनेरी तुऱ्याचं 'इंडियन ग्रास', आपली ज्वारी, ऊस, मका, माळावरची कुसळी आणि मारवेल हे सगळे गवतांच्या एकाच गोतातले. कम्पास प्लांट नावाची एक वनस्पती तर थांबून हात लावून बघावी अशी. पिवळी फुलं सूर्यफुलाच्या जातीची, पानं हातभर लांब, कातरलेली, दोन्ही बाजूंनी खरखरीत. ही पानं जमिनीशी आडवी पसरत नाहीत, उभी राहतात. कडा उत्तर-दक्षिण, तोंडं पूर्व-पश्चिम. सकाळ-संध्याकाळचं कोवळं ऊन दोन्ही बाजूंनी घ्यायचं आणि दुपारच्या उन्हाला फक्त कड द्यायची, अशी ही रचना. देठावर पाझरून सुकलेली राळ तिथली मुलं पूर्वी चिंगमासारखी चघळत. तिचं मूळ पंधरा फुटांपर्यंत खाली जातं. प्रेरीचा मोठा भाग असा जमिनीखालीच असतो, आणि वरून बघणाऱ्याला ती रिकामी वाटते याचं हे एक कारण. दरवर्षी त्या मुळांचा काही भाग मरतो, कुजतो, माती काळी करतो. आपली काळी जमीन बेसाल्ट झिजून झाली. इलिनॉयची काळी जमीन हजारो वर्षं गवताच्या मुळांनी केली. ज्या मातीसाठी प्रेरी मोडली, ती माती प्रेरीनंच केलेली होती.

वास आणि चीकही इथे शिकण्याच्या गोष्टी आहेत. 'प्रेरी ड्रॉपसीड' नावाचं बारीक पात्याचं गवत उन्हाळ्याच्या शेवटी फुलोऱ्यावर आलं की त्याचा वास काही जणांना लोणी लावलेल्या पॉपकॉर्नचा वाटतो, काही जणांना कोथिंबिरीचा. मिल्कवीडचं पान तुटलं की पांढरा चीक येतो, कारण ते आपल्या रुईच्या कुळातलं आहे. मोनार्क फुलपाखराच्या अळ्या फक्त मिल्कवीडवर वाढतात. त्याच गणातलं आपलं नारिंगी 'प्लेन टायगर' फुलपाखरू रुईवर अंडी घालतं. अमेरिकेत जन्मलेल्या नातवाला हे कोण सांगणार? शाळेत मोनार्कचा पाठ असतो, पण रुई कोणाला माहीत नसते. ते आजीच सांगू शकते. म्हणूनच ही सहल सगळ्या कुटुंबाची असावी, असं मी म्हणतो. नायगाऱ्यापाशी आजी आणि नातू दोघंही सारखेच प्रेक्षक असतात. गवतात आजीला काहीतरी ठाऊक असतं.

पहिला आक्षेप इथे येईलच: मुलं कंटाळतील. दूरवर पसरलेल्या सपाट रानात ती काय बघणार? हा आक्षेप खोटा नाही. प्रेरीत एखादी भव्य वस्तू समोर येऊन उभी राहत नाही. मिडेविनमध्ये २०१५ पासून बायसनांचा कळप आहे, तिथून पश्चिमेला नाचुसा या दुसऱ्या मोठ्या प्रेरीत २०१४ पासून. पण हे जनावर हजार-हजार एकरांत मोकळं फिरतं. कुंपणापाशी दिसेलच याची हमी नाही, आणि कुंपणाच्या आत कोणालाही सोडत नाहीत. बायसन दाखवतो म्हणून मुलांना नेलं आणि तो दिसला नाही, तर दिवस फुकट गेला असं त्यांना वाटणारच. म्हणून ते आमिष दाखवू नये. बायसनपेक्षा त्याचं काम दाखवावं. तो मुख्यतः गवत खातो आणि फुलझाडं बरीचशी सोडून देतो, त्यामुळे फुलांना जागा मिळते. तो धुळीत लोळून जमिनीत उथळ खळगे करतो, त्यांत पावसाचं पाणी साठतं, तिथे वेगळीच झाडं येतात. एके काळी या खंडावर कोट्यवधी बायसन होते. १८८० च्या दशकाच्या शेवटी हजाराच्या आत उरले. इलिनॉयच्या रानातून तर ते १८३० च्या आधीच नाहीसे झाले होते. आणि मुलांचं म्हणाल तर सहा वर्षांच्या मुलाची उंची ही प्रेरी बघायला फार सोयीची उंची आहे. मोठ्या माणसाला क्षितिज दिसतं. मुलाला टोळ, कोळ्याचं जाळं, देठावरची अळी दिसते. मैलभर चालायचा हट्ट सोडून दोनशे पावलांत तासभर घालवला, तर कंटाळ्याचा प्रश्न बराचसा सुटतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. मिडेविनचं बरंचसं गवत मूळचं नाही. बी पेरून, रोपं लावून उभं केलेलं आहे. मग ही खरी प्रेरी कशी? ही तर माणसानं केलेली बाग. याला उत्तर देताना मी आधी कबूल करीन की पेरलेली प्रेरी जुन्या प्रेरीच्या तोडीची होत नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसनमधल्या वनस्पती-उद्यानात १९३५ च्या सुमारास, निसर्गसंवर्धक आल्डो लिओपोल्डच्या काळात, पडीक शेतावर प्रेरी लावायला सुरुवात झाली. आज 'कर्टिस प्रेरी' म्हणून ओळखलं जाणारं ते रान जगातलं सर्वांत जुनं पुनरुज्जीवित गवताळ रान मानलं जातं, आणि नव्वद वर्षांनंतरही तिथलं काम संपलेलं नाही. फर्मीलॅब या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत कणत्वरकाच्या मोठ्या वर्तुळाच्या आतल्या जमिनीवर १९७५ पासून बेट्झनी प्रेरी लावली. तीही अजून घडतेच आहे. पण यातून निघणारा निष्कर्ष आक्षेप घेणाऱ्याच्या उलट आहे. मोडायला दोन पिढ्या लागल्या आणि जोडायला चार पिढ्या पुरत नाहीत, तर जे शिल्लक आहे त्याची किंमत वाढते. शिवाय जुन्या प्रेरीलाही माणसाचा हात लागलेला होताच. इलिनॉयमध्ये झाडं वाढायला पुरेसा पाऊस पडतो. तरी हजारो वर्षं तिथे गवत टिकलं, ते आगीमुळे, आणि त्यातली पुष्कळ आग तिथले मूळ रहिवासी जाणून लावत. ते गेले, आग थांबली, आणि नांगरातून सुटलेल्या तुकड्यांवरही झुडपं चढू लागली. 'निसर्गाला त्याच्यावर सोडा' हा सल्ला प्रेरीला लागू पडत नाही. सोडली तर ती जाते.

आगीबद्दल मराठी वाचकाशी जरा सविस्तर बोललं पाहिजे, कारण आपल्या मनात आग आणि वणवा एकच आहेत. गवताची वाढ जिथून होते तो अंकुर जमिनीलगत किंवा जमिनीखाली असतो. झाडाची वाढ शेंड्याकडे असते. म्हणून आग गेली की रोपटं मरतं आणि गवत आठवड्या-दोन आठवड्यांत हिरवं होतं. वरचा वाळलेला थर जळाला की काळ्या जमिनीवर ऊन थेट पडतं, ती लवकर तापते, आणि प्रेरीच्या झाडांना वसंताची सुरुवात आधी मिळते. मॅडिसनमध्ये १९४० च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन कर्टिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाळलेल्या आणि न जाळलेल्या पट्ट्यांची तुलना करून आगीची ही गरज प्रयोगानं दाखवली. पण ही आग म्हणजे काडी टाकून घरी जाणं नव्हे. वाऱ्याची दिशा, हवेतला दमटपणा, आधी काढलेले जाळपट्टे, पाण्याच्या टाक्या आणि शिकलेली माणसं असल्याशिवाय ती लावत नाहीत. सगळं रानही एकदम जाळत नाहीत. यंदा हा भाग, पुढे तो, म्हणजे किड्यांना आणि पक्ष्यांना आसरा राहतो. आपल्याकडे उन्हाळ्यात सह्याद्रीचे डोंगर बेजबाबदारपणे पेटवले जातात, त्याला प्रेरीचा दाखला देता येणार नाही. दख्खनच्या माळाला आग किती लागते, कधी लागते, हे दख्खनमध्येच तपासून ठरवायला हवं. प्रेरीतून घ्यायचं ते एवढंच की कुठल्याही रानाला काय हवं, हे त्या रानाला विचारावं. जंगलासाठी केलेले नियम त्याच्यावर लादू नयेत.

तिसरा आक्षेप पोटाचा आहे. लोकांना धान्य हवं होतं, ते या जमिनीनं दिलं. दोन कोटी एकर गवत ठेवून कोणाचं भलं झालं असतं? धान्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दहा हजारांत एक भाग उरणं हे पोटाच्या गरजेनं समजावता येत नाही. दहांत एक भाग राहिला असता तरी इलिनॉय धान्याचं कोठारच राहिलं असतं. आज अमेरिकेच्या मक्यातला मोठा हिस्सा इथेनॉलमध्ये आणि जनावरांच्या खाद्यात जातो. खरं कारण असं की काही राखून ठेवावं असं कोणाला वाटलंच नाही, कारण तिथे काही आहे असंच वाटलं नव्हतं. गुरं आणि रान यांचं वैरही आपण समजतो तेवढं नाही. मिडेविनमध्ये वनखातं काही भागांत शेतकऱ्यांची गुरं मुद्दाम चरायला सोडतं, कारण अपलँड सँडपायपर हा पक्षी आखूड गवतातच घरटं करतो. दक्षिण अमेरिकेतून हजारो मैल उडून येणाऱ्या या पाखराला इलिनॉयमध्ये गाय लागते.

हे वाचताना ज्यांना माळढोक आणि धनगर आठवले असतील त्यांना पुढचं सांगायची फारशी गरज नाही. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकसाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं. आज महाराष्ट्रात हा पक्षी जवळजवळ संपला आहे. पुणे जिल्ह्यात इंदापूरजवळच्या कडबनवाडीच्या माळावर चिंकारा आणि लांडगे अजून आहेत. तिथेही कळप चरतात, आणि लांडगा व धनगर पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना ओळखून आहेत. केंद्र सरकारचा पडीक जमिनींचा नकाशासंग्रह मात्र अशा खुरट्या मोकळ्या माळांना पडीक म्हणूनच मोजतो. एकदा पडीक म्हटलं की कोणी तिथे झाडं लावतो, कोणी सौर पॅनेल, कोणी औद्योगिक वसाहत आणतो, आणि प्रत्येकाला आपण ओसाड जागेचं सोनं केलं असं मनापासून वाटतं. हा माळ म्हणजे तुटलेलं जंगल, हा समजही पुराव्यावर टिकत नाही. २०२५ मध्ये आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जुन्या मराठी कथा, ओव्या आणि लोकगीतांतले झाडा-रानाचे उल्लेख तपासले. निदान साडेसातशे वर्षांपूर्वीही पश्चिम महाराष्ट्राचा हा भाग विरळ झाडांचं गवताळ रानच होता, असं त्यातून दिसतं. कासच्या पठारावर आपण गर्दी करतो हे खरं, पण तिथेही आपण फुलांचे गालिचे शोधतो आणि फुलं सरली की पाठ फिरवतो. फुलं नसतानाचा माळ बघायची सवय आपल्याला नाही. ती सवय कुठे लावून घ्यायची, याला माझ्यापुरतं उत्तर आहे: जिथे माळ जवळजवळ गमावून मग पश्चात्तापानं परत उभा केला जातो आहे, तिथे.

तेव्हा यंदा आई-बाबा उन्हाळ्यासाठी आले की नायगाऱ्याच्या तिकिटांआधी एक शनिवार विल्मिंग्टनसाठी ठेवा. ऑगस्टचा शेवट किंवा सप्टेंबरचा पहिला पंधरवडा उत्तम; गवत पुरतं वाढलेलं असतं आणि गोल्डनरॉड, ॲस्टर फुलायला लागलेले असतात. सकाळी लवकर निघा, सावली जवळजवळ नाही. फुल पँट घाला, पायमोजे तिच्यावर ओढून घ्या, आणि घरी आल्यावर मुलांच्या मानेवर, कानांमागे गोचीड बघा. पायवाट सोडू नका, बी किंवा फूल तोडू नका; नाचुसामध्ये तेच बी स्वयंसेवक हातानं एकेक वेचून नवीन जमिनीवर पेरतात. शक्य असेल तर असं बी वेचायला शरद ऋतूत स्वतः नाव नोंदवा, मुलांनाही न्या. आणि डिसेंबरात पुण्याला गेलात की कडबनवाडीला जा. मिडेविनला प्रवेशशुल्क नाही.